हात आवरेनात

काही माणसांच्या जिभेवर खडीसाखर असते. पडदे शिवायच्या त्या छोट्या कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांच्या जिभेवर तर साखरेचं पोतंच फुटलेलं होतं. कुणाचं वाईट बोलणं त्यांना जन्मात जमलं नाही. कापड कापणाऱ्या मास्तरांनी एकदा अख्खा पडदा वीतभर आखूड कापला, तर काका म्हणाले, "आखूड झालाय खरा, पण कापलाय किती सरळ!" छत गळायला लागलं तेव्हा म्हणाले, "बघा, बरोबर रिकाम्या जागेवर गळतंय. समजूतदार छत आहे आपलं." देवाने माणसाला तोंड दिलं ते दुसऱ्याचं चांगलं बोलायला, आणि त्यातून वेळ उरलाच तर जेवायला, अशी त्यांची ठाम श्रद्धा. अशा माणसाच्या हाताखाली काम मिळायलाही गाठीला पुण्य लागतं. पण हीच गोड जीभ एक दिवस आपल्या मुळावर येईल, असं भिंगरीला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

भिंगरी हे तिचं कारखान्यातलं नाव. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती पूर्वी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची, म्हणून इस्त्रीवाल्या अक्कांनी ते ठेवलं होतं. मशीनवर बसली की कापडाचे तागेच्या तागे शिवून काढायची, उठली की पडद्यांना आकडे लावायची, मधल्या वेळात घड्या घालायची. मग मानेच्या मणक्यांनी संप पुकारला. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने अंथरूण झालं, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, "जेवढं परत आलंय तेवढं आपलं. त्यात सुख मानायचं." परत आलं होतं ते एवढंच, की सकाळी उजवा हात तासभर शहाण्यासारखा वागायचा. मग त्याला मुंग्या यायच्या आणि तो दुसऱ्याचा असल्यासारखा मांडीवर पडून राहायचा. पाय तर उभं राहिल्यावर लगेच तक्रार सुरू करायचे.

तिने अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज केला होता. भत्ता मिळाला, तर सकाळचे दोन-तीन तास शिवण करून आणि उरलेला दिवस पाठ टेकून तिचं निभणार होतं. नाही मिळाला, तर पूर्ण दिवस मशीनवर बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि तसं केलंस तर पुन्हा अंथरुणालाच खिळशील, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. निकाल लागेपर्यंत थोडे तास काम करायला नियमाची हरकत नव्हती. "मग घरी बसून निकालाची वाट कशाला बघतेस? इथं बसून बघ," असं म्हणून काकांनी तिची जुनी जागा झटकून दिली होती.

आता निकाल अडला होता कुठे? तर भिंगरीच्याच तोंडात. भत्त्यासाठी तपासणीला गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "कशा आहात?"

"छान आहे!" भिंगरी म्हणाली.

"हाताने वजन उचलता येतं?"

"येतं की. म्हणजे, होतं हळूहळू."

बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याने हे दाराच्या फटीतून ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तो वायरमन. दिवसभर शिडीवर, आणि विजेपेक्षा बायकोच्या उत्साहाचाच झटका जास्त खाल्लेला. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाला, "अगं, अपंगत्वाच्या भत्त्याला जाऊन 'छान आहे' म्हणणारी तू जगात पहिलीच असशील."

"मग काय रडू त्यांच्यापुढे?"

"रडू नकोस. पण हात उचलत नाही, एवढं तर सांग."

"अहो, त्या वेळी उचलत होता!"

"म्हणजे हात पण तुझ्यासारखाच. पाहुणे आले की शहाणा."

ती हसली, पण आतून तिला कळत होतं. 'मला जमत नाही' हे तीन शब्द तिच्या तोंडातून निघतच नसत. लहानपणापासून सगळ्यांचं सगळं करत आलेली. कुणी विचारायच्या आधी उठायची सवय. ते तीन शब्द उच्चारायचे म्हणजे भरल्या घराचं दार उघडून 'आता मी इथली नाही' असं सांगण्यासारखं तिला वाटे.

कागदावर एक, तोंडी दुसरंच, हे बघून भत्त्याचं कार्यालयही बुचकळ्यात पडलं. शेवटी त्यांनी कळवलं, की एक अधिकारी बाई कामाच्या जागी येऊन प्रत्यक्ष बघतील.

आदल्या संध्याकाळी नवऱ्याने तिच्या खांद्याला मलम चोळता चोळता विचारलं, "उद्या त्यांनी विचारलं तर काय सांगशील?"

"खरं ते."

"खरं म्हणजे कुणाचं? तुझं, की तुझ्या अंगाचं? दोघांचं जमत नाही अलीकडे, म्हणून विचारतो."

भिंगरी उशीत तोंड खुपसून म्हणाली, "जरा डावीकडे चोळा."

त्या कारखान्यात काम कसं चालायचं, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एक लांब खोली. एका टोकाला मास्तरांचं कापायचं टेबल, मध्ये भिंगरीचं मशीन, दुसऱ्या टोकाला अक्कांची इस्त्री. पडद्याचं कापड जड. शिवताना पुढून ओढ लागते, मागून ओझं लोंबतं. एकट्या माणसाने ते पेलायचं म्हणजे दोन्ही हात आणि पाठ शाबूत हवी. भिंगरीची नव्हती. तरी तिचे पडदे शिवून होत होते, आणि सुंदर होत होते. कसे?

मास्तर खडू शोधायला म्हणून उठायचे, जाता जाता तागा तिच्या बाजूला सरकवून द्यायचे. खडू त्यांच्या कानावरच असायचा. लोंबणारं टोक अक्का स्वतःच्या खांद्यावर टाकून घ्यायच्या आणि इस्त्री करत राहायच्या. काका गोष्ट सांगायला येऊन टेकायचे, आणि गोष्ट संपेपर्यंत सुईत दोरा ओवलेला असायचा, रीळ बदललेलं असायचं. मशीनचा ठेका जरा ढिला पडला, की अक्कांना न बघता कळायचं. "आण गं, एक हात फिरवते," म्हणून त्या पडदा मांडीवरून उचलून न्यायच्या, आणि भिंगरीचा हात जागा होईपर्यंत त्या एकाच पट्टीवर इस्त्री फिरवत बसायच्या. यातलं काहीही कुणी ठरवलेलं नव्हतं. कुणी कुणाला कधी बोललं नव्हतं. पाणी उताराकडे जातं तसे ते हात जायचे. परोपकाराची मौजच अशी: करणाऱ्याला आठवत नाही आणि घेणाऱ्याला टोचत नाही, तेव्हा तो देवाच्या दारी रुजू होतो. दोघांपैकी एकालाही तो जाणवला, की त्याचं नुसतं देणं-घेणं होतं.

पण त्यामुळे झालं होतं असं, की भिंगरी किती करते आणि बाकीचे किती करतात, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंगरीलाही नाही.

अधिकारी बाई आल्या. मध्यम वयाच्या, बोलायला मऊ, नजरेने बारीक. काकांनी खोलीतली सगळ्यात चांगली खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला, आणि कुणी विचारायच्या आत सुरू झाले.

"बाई, तुम्ही आलात ते फार बरं झालं. हिच्यासारखी मुलगी शोधून सापडणार नाही. दहा जणींचं काम एकटी करते!"

भिंगरीने चमकून काकांकडे पाहिलं.

"दहा?" बाईंनी लिहून घेतलं.

"दहा मी कमीच सांगितले. मास्तर, सांगा की."

मास्तर एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणारे. पण आज त्यांनाही स्फुरण चढलं. "मी कापून देईपर्यंत हिचं आधीचं शिवून तयार. मलाच पळावं लागतं."

"आणि हात काय आहे!" अक्का इस्त्री उभी करून सरसावल्या. "शिलाई बघा, शिलाई! मुंगी चालत गेली तर तिचीसुद्धा वाट चुकणार नाही."

"अक्का..." भिंगरीने डोळ्यांनी खूण केली.

"लाजतेय बघा. स्वतःबद्दल कधी बोलायची नाही!"

बाई लिहीत होत्या. प्रत्येक शब्दासरशी भिंगरीला आपला भत्ता एकेक पायरी उतरून दाराबाहेर जाताना दिसत होता. बाईंनी पेन थांबवून विचारलं, "इतकं सगळं जमतंय, तर मग या पूर्ण दिवस का येत नाहीत?"

"येईल की!" काका छातीवर हात ठेवून म्हणाले. "तुम्ही म्हणाल तर उद्यापासून येईल. कामाला कधी मागे हटणारी नाही."

झालं! आता हसावं की रडावं? काकांच्या डोक्यात होतं असं, की सरकार भत्ता देतं म्हणजे बक्षीसच देतं. आणि बक्षीस कुणाला मिळतं? गुणी माणसाला. तेव्हा गुण सांगायचे, आणि पोतं उपडं करून सांगायचे. सकाळपासून त्यांनी मास्तरांना आणि अक्कांनाही हेच पढवून ठेवलं होतं, आणि भिंगरीला काही कळू दिलं नव्हतं. म्हणे, पोरीला एकदम आनंद होऊ दे.

"बरं," बाई म्हणाल्या. "मला जरा काम बघू द्या. नेहमी चालतं तसंच चालू द्या."

काम सुरू झालं. भिंगरीने पडदा घेतला. मशीनने ठेका धरला. मास्तरांना खडू हवासा वाटला. काकांना एक गोष्ट आठवली. अक्का इस्त्री करता करता वाकल्या, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. बघता बघता पडद्याची एक बाजू पुरी झाली, आणि खरंच, मुंगीची वाट चुकणार नाही अशी.

अधिकारी बाई काही लिहीत नव्हत्या. चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून त्या अक्कांकडे बघत होत्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "यांच्या मशीनवरचा पडदा तुमच्या खांद्यावर कसा आला?"

"कुठला पडदा?" अक्का म्हणाल्या.

"हा."

अक्कांनी मान वळवून आपल्या खांद्याकडे पाहिलं. तिथे पडदा होता. शालीसारखा, व्यवस्थित. "अगो बाई," त्या म्हणाल्या, "हा इथं केव्हा आला?"

"आणि रीळ कुणी बदललं?"

काकांनी हातातल्या रिकाम्या रिळाकडे पाहिलं आणि ते हळूच खिशात घातलं. मास्तरांनी कानावरचा खडू काढून टेबलावर ठेवला.

बाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या आवाजात हसू होतं. "आता असं करू. दुसरी बाजू यांना एकटीला शिवू द्या. बाकीच्यांनी जागेवरून हलायचं नाही. हात लावायचा नाही. ठीक?"

"त्यात काय!" काका म्हणाले. "आम्ही एरवी तरी कुठं काय करतो?"

भिंगरीने सुरुवात केली. खोली एकदम वेगळी झाली. मशीनचा आवाज तोच, पण त्याच्याभोवती नेहमीची जी हालचाल असायची, ती नव्हती. पहिली वीत बरी गेली. मग मागचं ओझं लोंबायला लागलं. अक्कांचा हात निघाला.

"अक्का," बाई म्हणाल्या.

"मी नाही, हात गेला," अक्का म्हणाल्या आणि तो हात दुसऱ्या हाताने धरून बसल्या.

तागा अडकला. मास्तर अर्धे उठले.

"मास्तर!"

"खडू..."

"खडू तुमच्या समोर आहे."

मास्तर बसले. पण हात ऐकेनात, तेव्हा त्या भल्या माणसाने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर चक्क बसून राहिले. काका खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. दोरा तुटला. काकांनी डोळे मिटून घेतले. बहुतेक देवाला ओवायला सांगत असावेत.

दोरा ओवायला भिंगरीला फार वेळ लागला. बोटं जागेवर होती, पण निरोप पोहोचत नव्हता. कसाबसा ओवला, पुन्हा पायपट्टीवर पाय दाबला, आणि ठेका ढिला पडला. उजवा हात जड झाला. तिने डाव्याने कापड ओढलं, शिलाई वाकडी गेली, मागचं ओझं घसरलं आणि सगळा पडदा सुईतून हिसका देऊन जमिनीवर जाऊन पडला.

इस्त्रीतून फुस्सकन वाफ निघाली.

"काय झालं?" बाईंनी शांतपणे विचारलं.

'काही नाही' हे जुनं, पाठ झालेलं उत्तर भिंगरीच्या ओठांवर आलंच होतं. तिने वर पाहिलं. मास्तर स्वतःच्या हातांवर बसले होते, शिक्षा झालेल्या मुलासारखे. अक्कांनी आपलाच हात पकडून ठेवला होता. काकांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं. इतके दिवस ती समजत होती की आपण आपल्या बळावर बसलोय. आणि हे तिघे तिला न सांगता, स्वतःलाही न सांगता, उचलून धरून होते. याची लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. पण वाटलं भलतंच. थंडीतून आल्यावर कुणीतरी अंगावर पांघरूण टाकावं तसं काहीतरी.

"मला जमत नाही," भिंगरी म्हणाली.

म्हटलं, आणि आभाळ कोसळलं नाही. मग तिने पुन्हा म्हटलं, आणि एकदा बांध फुटल्यावर काय! हात तासाभराने मरतो. तांब्या धरता येत नाही. झंपरची बटणं नवरा लावतो आणि दरवेळी एक चुकवतो. जिना चढायचा तर मध्ये बसावं लागतं, तिथं शेजारीण भेटली तर गप्पा मारायलाच बसलेय असं दाखवते. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना छान आहे म्हणाले ते खोटं नव्हतं, पण त्या घटकेपुरतं होतं. बाईंचं पेन आता पळत होतं.

"एवढं सगळं तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कुणी हात आवरले नव्हते ना."

तेवढ्यात मास्तरांचा बारीक आवाज आला. "बाई, आता उठलं तर चालेल का? माझेही हात बधिर झालेत. नाहीतर मलाही एक अर्ज द्या."

पहिल्यांदा अधिकारी बाईच खळखळून हसल्या, मग सगळी खोली हसली. फक्त काका हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले होते, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना शब्द सापडत नव्हता. "पोरी," ते म्हणाले, "मी तुझं वाटोळं करत होतो की गं. मला वाटलं, बक्षीस आहे."

"काका, तुम्ही म्हणालात दहा जणींचं काम एकटी करते. एकटी सोडलं तर बाकी खरं होतं. तिघे तर इथेच बसलेत."

बाईंनी कागद काकांच्या पुढे केला. "मालक म्हणून तुमचं एक वाक्य लागेल. या काय करू शकत नाहीत, तेवढंच सांगा."

काकांना घाम फुटला. तोंड उघडलं, मिटलं. "हिला... म्हणजे ही... तशी चांगलीच आहे, पण..."

"पण?"

"पण म्हटलं ना मी! आता पुढचं पण मीच म्हणू?"

अक्का पदराआड हसत होत्या. काकांनी छताकडे पाहिलं, देवाचं नाव घेतलं, आणि एकदाचं म्हणाले, "आमच्या आधाराशिवाय ती एक पडदासुद्धा पुरा करू शकत नाही. आणि तिला एकटीला सोडणं आम्हाला जमत नाही. दोन्ही लिहा."

बाईंनी दोन्ही लिहिलं. जाताना म्हणाल्या, "निर्णय माझ्या हातात नाही. पण जे बघितलं ते सगळं जाईल वर. निकाल फोनवर कळवतील."

त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "मग? काय सांगितलंस?"

"अंगाचं खरं," ती म्हणाली. "आणि बटणांचंही सांगितलं. तुम्ही एक चुकवता ते."

"माझीही बदनामी केलीस सरकारदरबारी!" तो म्हणाला, पण जेवणाचा पहिला घास त्याने हसतच घेतला. कितीतरी दिवसांनी दोघं पोटभर जेवली.

पुढचे दिवस गेले ते वाट बघण्यातच. पण कारखान्यात एक बदल झाला. आता भिंगरी मागायला शिकली. पहिल्यांदा अडखळत, मग सवयीने. "मास्तर, तागा." "काका, दोरा." आणि गंमत अशी, की मागितल्यावर ते तिघे जास्तच खूश व्हायचे. काका तर दोरा ओवून झाल्यावर, "अजून काही?" म्हणून रेंगाळायचे. न मागून आपण कुणाकुणाचा एवढासा आनंद अडवून ठेवला होता, याचा हिशेब तिने मनातल्या मनात केला आणि सोडून दिला.

एका सकाळी, हाताचा शहाणपणाचा तास नुकताच संपलेला असताना, तिच्या पिशवीतला फोन वाजला. डाव्या हातात पडदा, उजवा मांडीवर झोपलेला.

"अक्का, मला उचलता येत नाहीये. जरा कानाला धरता?"

अक्कांनी फोन काढला, तिच्या कानाला लावला, आणि आपलाही कान त्याला पलीकडून चिकटवला. एरवी त्या शेजारच्या खोलीतलं ऐकतात, हे तर हातभर अंतरावर होतं. पलीकडून कुणी तरुण माणूस कागद वाचल्यासारखा बोलत होता. अर्ज, तपासणी, अहवाल. मास्तरांची कात्री अर्ध्या कापडात थांबली.

"...मंजूर करण्यात आला आहे. सध्याचे कामाचे तास तेवढेच ठेवता येतील."

"मंजूर!" अक्का अशा ओरडल्या की त्या बिचाऱ्या तरुणाने नक्कीच फोन कानापासून लांब धरला असणार. काका उठले, बसले, पुन्हा उठले. मास्तरांनी दिवसाचं पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि नुसतंच नाक शिंकरलं.

"हॅलो? हॅलो?" पलीकडून आवाज आला. "नक्की कोण बोलतंय? मला अर्जदाराशीच बोलायचंय."

"मीच बोलतेय, अर्जदार," भिंगरी म्हणाली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने ते तसंच वाहू दिलं. "फोन तेवढा अक्कांनी धरलाय. तुम्ही बोला, आम्ही ऐकतोय."